साहेबाचं तोंड

आमच्या कारखान्यात माझ्या थोरल्या बहिणीला सगळे 'साहेबाचं तोंड' म्हणत. तिच्यासमोर नव्हे, अर्थात. समोर नुसतं 'बाई'. कारखाना वॉश बेसिन आणि संडासच्या भांड्यांचा. लोकांना ऐकून हसू येतं, येऊ दे. त्या भांड्यांवाचून एकाचंही चालत नाही. मी तपासणीत. भट्टीतून निघालेलं प्रत्येक भांडं लाकडी हातोडीनं वाजवायचं, खणखणीत वाजलं तर पुढे पाठवायचं, बद्द वाजलं तर आत तडा आहे समजून बाजूला काढायचं. दिवसभर हेच करून मला एक वाईट खोड लागली आहे. माणूस काय बोलतो त्याआधी तो कसा वाजतो तेच मी ऐकतो.

ताईचं काम दुभाष्याचं. साहेब परदेशातून आलेले, त्यांना आमच्या भाषेतला 'चहा' एवढा एकच शब्द येई. आमचं इंग्रजी मशीनवरच्या पाट्या वाचण्यापुरतं. मध्ये ताई, हातात छत्री आणि गळ्यात चष्मा अडकवून उभी. तिचं प्रत्येक वाक्य 'साहेब म्हणतात' असं सुरू व्हायचं, आणि त्यानंतर साहेब फार गोड बोलायचे. साहेबांची मान लाल झालेली, टेबलावर मूठ आपटलेली, आणि ताई शांतपणे सांगायची, "साहेब म्हणतात, जरा लक्ष देऊन करा." आम्ही आपसांत म्हणायचो, इंग्रजी भाषाच मेली चिडकी, आत मजकूर साधाच असतो.

मला तरी कळायला हवं होतं. कारण तिनं हे काम लहानपणीच सुरू केलं होतं, आमच्याच घरात.

आमच्या आईवडिलांचा अबोला अधूनमधून नसायचा, बोलणं अधूनमधून असायचं. बाबा बाहेरच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि मध्ये फ्रॉकमधली ताई. बाबा म्हणायचे, "तिला सांग, तिच्या हातचा घास मला नको." ताई आत जाऊन सांगायची, "बाबांचं पोट जरा जड आहे गं, मग जेवतो म्हणाले." आई म्हणायची, "म्हणावं खड्ड्यात गेलं तुमचं पोट." ताई बाहेर यायची, "आई विचारतेय, औषध देऊ का?" मी दाराआड तोंडावर हात दाबून हसायचो. मला ती गंमत वाटायची. आमचं घर त्या थापांवर उभं होतं हे कळण्याएवढी अक्कल मला नव्हती, आणि पुढेही बराच काळ आली नाही.

तर ती मोठी झाली, इंग्रजी शिकली, कारखान्यात लागली, आणि तेच करत राहिली. फक्त आता एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे.

मग भट्टीवाल्याचं प्रकरण झालं.

भट्टीवाला आमच्यातला सगळ्यात जुना माणूस. भुवया कायमच्या करपलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर नेहमी थोडं आश्चर्य. नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून आत किती तापलंय ते सांगायचा आणि वर म्हणायचा, "बायकोचा राग आणि माझी भट्टी, दोन्ही लांबून ओळखता येतात." घरात कमावणारा तो एकटा. दुसरीकडे नव्यानं लागायचं वय निघून गेलेलं.

त्या दिवशी दुपारच्या पाळीत त्याला गॅसचा वास आला. त्यानं धावत जाऊन मुख्य चावी बंद केली. भट्टी थंड पडली, आतला सगळा माल तडकला. वासानं त्याला गरगरायला लागलं म्हणून तो भिंतीला टेकून, डोळे मिटून खाली बसला. आणि नेमके त्याच क्षणी साहेब तिथे आले. त्यांना काय दिसलं? विझलेली भट्टी आणि भिंतीला टेकून झोपलेला माणूस.

साहेबांनी ताईला बोलावून घेतलं. भट्टीपाशी ते तिघेच होते, बाकीचे आपापल्या मशीनवर. साहेब काहीतरी बोलले, ताईनं सांगितलं, भट्टीवाला म्हणाला, "हो साहेब, बरोबर आहे तुमचं. माफ करा." साहेब पाठ फिरवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्याचं डोकं ताळ्यावर आलं तेव्हा त्यानं वासाचं सांगितलं. पण तोपर्यंत दुरुस्तीवाल्यांनी गॅसच्या नळीचे सगळे जोड आवळून टाकले होते, गळती दाखवायला काही उरलं नव्हतं. साहेब म्हणाले, ही रात्रीत रचलेली गोष्ट आहे. काल हा माणूस माझ्यासमोर कबूल झाला होता.

चौकशी लागली. दोषी ठरला असता तर बडतर्फी, आणि तीही 'जाणूनबुजून लोकांचा जीव धोक्यात घातला' या शेऱ्यासकट. तो शेरा असलेल्या माणसाला कुणी चुलीजवळसुद्धा उभं करणार नाही, भट्टी तर लांबच. चौकशीत कामगाराला सोबत एक माणूस नेता येतो. भट्टीवाल्यानं मला निवडलं. "तू चिडका आहेस," तो म्हणाला, "मला चिडता येत नाही."

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि समोरच्या चहावर साय धरली होती.

"तुला एक शब्द सांगते," ती म्हणाली. "डिस्पिकेबल."

"म्हणजे?"

"कोशात 'तिरस्करणीय' दिलाय. पण भांडणात तिरस्करणीय कोण म्हणतं रे? नीच म्हणतात. हलकट म्हणतात."

"मग शिवीच की सरळ."

"शिवी परवडली. शिवी देणारा निदान तुझ्या समोर उभा राहून देतो. हा शब्द वरून खाली पडतो. म्हणणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं की समोरचा आपल्या पायरीचा नाही." ती कपाकडे बघत बोलत होती. "आणि तो कशालाही लावत नाहीत. मोडक्या खुर्चीला कुणी डिस्पिकेबल म्हणणार नाही. पावसाला नाही. चुकून कप फुटला तर नाहीच. चूक करणाऱ्याला मूर्ख म्हणतात, बेजबाबदार म्हणतात. हा शब्द लावायचा तर समोरच्यानं समजून उमजून, मनाचा घाणेरडेपणा दाखवून काहीतरी केलेलं असावं लागतं. तरच तो बसतो."

मला तिचा आवाज आवडला नाही. बद्द येत होता.

"हे मला का सांगतेस?"

"साहेब भट्टीपाशी तोच शब्द बोलले. तीस माणसं आजूबाजूला काम करत असताना इथे झोपणं डिस्पिकेबल आहे, आणि हा माणूस डिस्पिकेबल आहे."

"आणि तू काय सांगितलंस?"

तिनं कपावरची साय बोटानं बाजूला केली. "मी म्हणाले, साहेब म्हणतात, भट्टीपाशी डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. हे वागणं शोभत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बिचाऱ्याला वाटलं असणार, चावी बंद करायच्या आधी आपण कुणाला हाक मारायला हवी होती. त्याला तो 'हो' म्हणाला. आणि साहेबांच्या कानात तो 'हो' कशाला पडला? झोपलो होतो, नीच आहे, माफ करा.

"ताई, तू त्याच्या गळ्यात फास अडकवलास!"

"मला काय माहीत साहेब ते धरून बसतील! नेहमी तापतात आणि निवतात. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता रे. त्याच्या तोंडावर तो शब्द टाकवेना मला."

"मग उद्या उठून सांगून टाक."

"दुभाष्यानं मधला शब्द खाल्ला हे कळलं की त्याला कुणी पुन्हा दारात उभं करत नाही. मला दुसरं काय येतं?" ती उठली आणि चहा मोरीत ओतला. "कदाचित साहेब तो विषय काढणारच नाहीत."

मी जाताना दार आपटलं. बहिणीवर माझा जीव आहे, पण त्या संध्याकाळी मला ती अजिबात आवडली नाही.

चौकशी पहिल्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत. लांब टेबल, पाण्याचे पेले, कुरकुरणारा पंखा. मुख्य कार्यालयातून अध्यक्षबाई आल्या होत्या, कापलेले पांढरे केस, आवाज कोरडा. त्यांनाही आमची भाषा येत नव्हती. एका कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी. भट्टीवाला धुतलेला शर्ट घालून आला होता आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

अध्यक्षबाईंनी आधी ताईकडेच मोर्चा वळवला. इथे 'साहेब म्हणतात' चालणार नाही, त्या म्हणाल्या. जो बोलेल त्याच्या जागी तुम्ही. तो 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'मी' म्हणायचं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शपथ घ्या.

ताईनं हात वर करून शपथ घेतली. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

साहेब बोलू लागले, आणि ताई त्यांच्या जागी. "मी दुपारी भट्टीकडे गेलो. मी पाहिलं तर भट्टी विझली होती." आमची ताई, नीटनेटकी साडी, कपाळावर टिकली, आणि 'मी गेलो, मी थांबलो' म्हणतेय. भट्टीवाल्याला हसू आवरेना. मी त्याला टेबलाखालून कोपर मारलं. साहेब पुढे सरकत होते, माल किती गेला, झोपलेला माणूस कसा दिसत होता. ताई एकेक वाक्य उचलून आमच्यापुढे ठेवत होती. मी मनातल्या मनात साहेबांना म्हणत होतो, बास, आता थांबा, इथेच थांबा.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तो झोपला होता याला पुरावा काय? डोळे मिटलेला माणूस आजारीही असू शकतो.

साहेब पुढे वाकले. तो शब्द मी एवढ्या सगळ्या इंग्रजीतून लख्ख ओळखला. डिस्पिकेबल. एकदा, आणि पुन्हा एकदा. मग ते खुर्चीला टेकून बसले.

ताईचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. पंखा कुरकुरत राहिला. टाइप करणाऱ्या मुलीनं बोटं उचलून वर पाहिलं. भट्टीवाला आपला साहेबांकडे भाबडेपणानं बघतोय, त्याला वाटतंय बाई शब्द शोधतायत. तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी त्याला समज दिली आणि तो हो म्हणाला.' कुणाला पत्ता लागला नसता. भट्टीवाला पुन्हा एकदा मान डोलावून हो म्हणाला असता, आणि कारभार आटोपला असता.

"दुभाष्या?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

ताईनं पदर खांद्यावर घट्ट केला.

"मी त्याला तोंडावर सांगितलं," ती भट्टीवाल्याकडे बघत म्हणाली, "तीस माणसं आजूबाजूला असताना इथे झोपणं हे नीच कृत्य आहे, आणि तू नीच माणूस आहेस. त्यावर तो म्हणाला, हो, बरोबर आहे, माफ करा. निर्दोष माणूस याला हो म्हणेल का?"

भट्टीवाल्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, खालचा माणूस मात्र निघून गेला होता.

"मला?" तो म्हणाला. "नीच? कधी म्हणाले?"

ताईनं ते इंग्रजीत सांगितलं. तिला सांगावंच लागत होतं.

"बाई, साहेब मला असं म्हणाले होते?"

ताईनं तेही इंग्रजीत सांगितलं, त्याच्याच जागी उभं राहून, स्वतःलाच बाई म्हणून. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. हा प्रश्न तुम्हाला आहे, त्या म्हणाल्या. उत्तर द्या.

"आता बोलते ती मी," ताई म्हणाली, आधी आमच्या भाषेत, मग त्यांच्या. आवाज थरथरत होता, पण बद्द नव्हता. "साहेब तसं म्हणाले होते. मी तसं सांगितलं नाही. मी सांगितलं, डोळ्यात तेल घालून बसावं लागतं, हे वागणं शोभत नाही. यांनी त्याला हो म्हटलं. झोपलो होतो असं हे कधीही म्हणालेले नाहीत. ते कबूल झाले असं दिसलं ते माझ्यामुळे."

साहेबांच्या मानेवर लाली चढत कानापर्यंत गेली. मी त्यांची बाजू घेत नाही, पण त्या क्षणी त्यांनाही काहीतरी उमगलं असावं. इतकी वर्षं आपण ओरडत होतो आणि समोरचे हसून मान डोलावत होते, ते का, हे. ते उठून उभे राहिले, ताईकडे बोट केलं आणि एक वाक्य बोलले. छोटंसं. शब्द तोच होता.

अध्यक्षबाई कडक आवाजात म्हणाल्या, हे सांगायची गरज नाही.

"शपथ घेतली आहे," ताई म्हणाली, आणि आमच्याकडे वळली. "ही बाई नीच आहे," तिनं सांगितलं. अगदी साहेबांच्या जोरात, तसंच बोट करून, स्वतःकडे. एक मात्रा कमी केली नाही.

मला उठून टेबल उलटं करावंसं वाटलं. भट्टीवाल्यानं माझा हात धरून ठेवला. मला चिडण्यासाठी आणलं होतं आणि आता तोच मला आवरत होता.

अध्यक्षबाईंनी साहेबांना खाली बसवलं. मग म्हणाल्या, त्या दिवशी जे बोललात ते आता जसंच्या तसं पुन्हा बोला. या माणसाला ते पहिल्यांदा ऐकू द्या, आणि मग त्याचं उत्तर ऐकू.

साहेबांना बोलावं लागलं. यावेळी आवाज बराच खाली आला होता. शब्द उच्चारताना ते टेबलाकडे बघत होते. ताई मात्र भट्टीवाल्याकडे बघत होती, आणि तिनं प्रत्येक शब्द त्याच्या पुढ्यात ठेवला. झोपणं. नीच. नीच माणूस.

भट्टीवाला उभा राहिला. त्या करपलेल्या भुवयांखाली मी त्याचे डोळे असे कधी पाहिले नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "मी झोपलो नव्हतो. गॅसचा वास आला, मी चावी बंद केली. मला चक्कर आली म्हणून खाली बसलो. माल गेला तो माझ्या हातून गेला, त्याचं काय ते बोला. नीच मी नाही. आणि हे मी त्याच दिवशी म्हणालो असतो."

शेवटचं वाक्य बोलताना तो साहेबांकडे बघत नव्हता.

ताईनं सगळं इंग्रजीत सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट.

अध्यक्षबाईंनी कबुली रद्द धरली. कबुली गेली की मागे उरत होतं काय? मिटलेले डोळे. भट्टीवाला कामावर राहिला, शेरा नाही, काही नाही. ताईला त्याच दिवशी सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका, आणि ते तिला सांगायला दुभाष्या लागला नाही.

आम्ही दोघं खाली बाकावर बसलो होतो. तिच्या मांडीवर पिशवी, त्यात केबिनमधला तिचा पेला आणि छत्री. मी भट्टीवाल्याची वाट बघत होतो. मला वाटलं होतं, तो येईल, हात जोडील, बाई तुमच्यामुळे वाचलो म्हणेल. नोकरी घालवलीन हो तिनं त्याच्यासाठी.

तो आला. कामाचा काळपट शर्ट पुन्हा अंगात घातलेला. हात जोडले नाहीत.

"बाई," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही मला सांभाळून घ्यायला गेलात ना?"

"हो."

"मला वाईट वाटेल म्हणून."

"हो, भाऊ."

"साहेब मला नीच म्हणाला. ठीक आहे, त्याला मी नाही म्हणालो. झालं ते." तो बोलता बोलता अडखळला, मग त्याचा आवाज वर चढला. माझ्यापेक्षा चांगलं चिडता येत होतं त्याला. "पण तुम्ही मला नाही म्हणूच दिलं नाहीत. एवढंसं पोर समजलात का मला? की याला घास चावून भरवावा?"

मी उठलो होतो. दोन शब्द ऐकवणारच होतो त्याला. ताईनं न बघताच मला हातानं थांबवलं.

"समजले," ती म्हणाली. "तसंच समजले मी तुम्हाला. सगळ्यांनाच."

भट्टीवाल्यानं शर्टाच्या बाह्या वर दुमडल्या.

"आता नका समजू," तो म्हणाला, आणि पाळीवर गेला.